पटणारे खोटे

अमेरिकेच्या मेन राज्यात राहणाऱ्या ख्रिस्तोफर ब्लेअर यांनी २०१६ मध्ये फेसबुकवर ‘अमेरिकाज लास्ट लाइन ऑफ डिफेन्स’ नावाचे पान सुरू केले. ब्लेअर स्वतः उदारमतवादी आणि डोनाल्ड ट्रम्प यांचे विरोधक. पानावर मात्र ते कडव्या ट्रम्पसमर्थकाच्या थाटात लिहीत. कॅलिफोर्नियात शरीयत लागू झाली, बराक ओबामा यांनी वयाच्या नवव्या वर्षी व्हिएतनाम युद्धाची लष्करभरती चुकवली, असल्या ‘बातम्या’ ते रचत. या पानावरचे काहीही खरे नाही, असा खुलासाही पानावर ठिकठिकाणी छापलेला असे. तरीही महिन्याला साठ लाखांपर्यंत लोक तिथे येत. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांच्यावर सविस्तर वृत्तान्त छापला, तेव्हा काही महिन्यांत त्यांची मासिक कमाई १५ हजार डॉलरपर्यंत गेल्याचे उघड झाले. उपहासाच्या नावाखाली खोटे विकता येते आणि घेणाऱ्यांची वानवा नसते, हे या एका उदाहरणावरून कळावे. हाताहातांत मोबाइल असलेल्या आपल्या समाजाने त्याकडे परक्यांची गंमत म्हणून पाहू नये.

या व्यवहाराची रीत नीट पाहण्यासारखी आहे. व्हाइट हाऊसमधील एका समारंभाचे छायाचित्र ब्लेअर यांनी घेतले. राष्ट्रगीत सुरू आहे, ट्रम्प ताठ उभे आहेत आणि मागच्या मंडळींत एक गोरी व एक कृष्णवर्णीय स्त्री शेजारी उभ्या आहेत. ब्लेअर यांनी त्या दोघींभोवती लाल वर्तुळ काढले आणि लिहिले, की ट्रम्प यांनी मोठ्या मनाने मिशेल ओबामा आणि चेल्सी क्लिंटन यांना बोलावले. त्यांनी मात्र राष्ट्रगीत चालू असताना अश्लील हातवारे केले. यातले काहीच घडले नव्हते. छायाचित्रातल्या दोघी ट्रम्प यांच्याच कार्यालयात काम केलेल्या होत्या. पण मजकूर बघता बघता पसरला. दूर नेवाडा राज्यातल्या एका वृद्धेने तो वाचला आणि या बायकांना रीतभात कधी नव्हतीच, अशा अर्थाचा शेरा मारला. मिशेल ओबामा आठ वर्षे देशाच्या प्रथम महिला होत्या. त्यांचा चेहरा अमेरिकेत कोणाला ठाऊक नाही? छायाचित्र डोळ्यांसमोर होते, ओळखीचा चेहरा त्यात नव्हता, तरीही तो दिसला. कारण मनाने निकाल आधीच दिला होता.

अज्ञान आणि पूर्वग्रह यांतला फरक इथे लक्षात घेतला पाहिजे. चंद्रावर उतरणे हा बनाव होता, अशी आता नील आर्मस्ट्राँग यांचीच खात्री पटली आहे, ही ‘द अनियन’ या विडंबनपत्राची बातमी २००९ मध्ये बांगलादेशातील दोन दैनिकांनी खरी समजून छापली. चूक कळताच दोघांनीही माफी मागितली. ते अज्ञान होते आणि अज्ञानाला औषध आहे. माहिती मिळाली, की ते जाते. पूर्वग्रहाचे तसे नाही. त्याला माहिती नको असते, दुजोरा हवा असतो. ‘ही बातमी खोटी आहे’ असे सांगितले, तर ‘असेल खोटी, पण ते लोक आहेतच तसे’ हे उत्तर तयार असते. हे वाक्य आपल्या घरांत, कट्ट्यांवर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर किती वेळा ऐकू येते, याचा विचार प्रत्येकाने करावा.

हा रोग एकाच पक्षाच्या लोकांना जडतो, असे समजण्याचेही कारण नाही. ‘डेली करंट’ नावाच्या विडंबनस्थळाने २०१३ च्या फेब्रुवारीत रिपब्लिकन नेत्या सारा पेलिन ‘अल जझीरा’ वाहिनीत जाणार, अशी कपोलकल्पित बातमी दिली. ती खरी मानून ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्याच एका स्तंभात पेलिन यांच्यावर टीका झाली. पुढच्याच महिन्यात त्याच स्थळाने नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी दिवाळे जाहीर केल्याचे छापले. या वेळी उजव्या विचारांचे ‘ब्राइटबार्ट’ फसले. पेलिन अडाणी आहेत असे मानणाऱ्यांना पहिली बातमी पटली, क्रुगमन यांचे अर्थशास्त्र दिवाळखोरीचे आहे असे मानणाऱ्यांना दुसरी. शिकलेले, लिहिते, जगाला शहाणपण सांगणारे लोक दोन्हीकडे होते. फसवणुकीत पदवी आडवी येत नाही.

असल्या बातम्या रचणाऱ्या लेखकांचा बचाव ठरलेला असतो: आम्ही दुराग्रही लोकांचा मूर्खपणा चव्हाट्यावर आणतो. पॉल हॉर्नर यांनीही हेच सांगितले होते. ट्रम्प यांच्या सभेत निदर्शने करण्यासाठी आपल्याला साडेतीन हजार डॉलर मिळाले, अशी एका निदर्शकाची बनावट कबुली त्यांनी २०१६ मध्ये लिहिली, तीही ‘एबीसी न्यूज’शी मिळत्याजुळत्या नावाच्या संकेतस्थळावर. ट्रम्प यांचे तेव्हाचे प्रचारप्रमुख कोरी लेवांडोव्स्की आणि पुत्र एरिक यांनी ती पुढे पाठवली. हे लोक बातमी पुढे करतील, मग ती खोटी निघेल आणि त्यांचे हसे होईल, असा हॉर्नर यांचा हिशेब होता. प्रत्यक्षात कोणी तपासलेच नाही. निदर्शक भाडोत्री असतात, हा समज मात्र पक्का झाला. ट्रम्प निवडून आल्यावर हॉर्नर यांनीच ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या मुलाखतीत हे सारे सांगितले आणि या विजयात आपलाही वाटा असल्याची भावना बोलून दाखवली. ज्या दुराग्रहाची खोडी काढायची, त्यालाच खुराक मिळाला.

व्यंग काय असते, हे मराठी माणसाला शिकवावे लागू नये. गावात येणारा बहुरूपी फौजदाराच्या वेषात दारात उभा राहून दरडावतो. पण सोंग आहे हे त्याला ठाऊक असते आणि गावालाही. त्या दोघांच्या समजुतीवरच खेळ उभा असतो. पाहणाऱ्याला सोंग कळू नये आणि त्याने खरोखर घाबरून पैसे काढून द्यावेत, अशी योजना असेल तर ती कला राहत नाही, लुबाडणूक होते. आपल्याकडच्या मोठ्या विनोदकारांनी आणखी एक पथ्य पाळले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे’मधले बाण स्वतःच्याच समाजाच्या खुळ्या रूढींवर रोखलेले आहेत. आचार्य अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’ने मराठी कवींच्याच लकबींची विडंबने केली. वाचक हसता हसता स्वतःकडे पाहू लागतो, ही अशा लेखनाची कसोटी. आज समाजमाध्यमांवर व्यंग म्हणून जे फिरते, त्यातले बरेचसे वाचकाला उलट खूश करते: तुझे बरोबरच होते, ते लोक नीचच आहेत, असे त्याच्या कानात सांगते. अस्वस्थ करणे हे व्यंगाचे काम. दुराग्रह कुरवाळणे हे नव्हे.

शिवाय थट्टा एकाची आणि बळी दुसऱ्याचाच, हा यातला सर्वांत गंभीर भाग आहे. ब्लेअर यांचा रोख दुराग्रही वाचकावर होता. शिव्या मात्र मुसलमानांना, स्थलांतरितांना आणि कृष्णवर्णीय स्त्रियांना पडल्या. आपल्याकडे कलाकार घेऊन रचलेल्या ‘प्रबोधनपर’ आणि ‘मनोरंजनपर’ चित्रफितींचे असेच झाले आहे. बुरख्यातला चोर, कोण्या साधूचे दुष्कृत्य, मोलकरणीचा कावा असे प्रसंग नटांकडून वठवून घेतले जातात. ‘हे काल्पनिक आहे’ ही ओळ एखादा क्षण पडद्यावर येते आणि पुढच्या फॉरवर्डमध्ये कापली जाते. उरते ती एका समाजाविरुद्धची ‘घडलेली घटना’.

असे कापलेले शेवट किती महाग पडतात, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१८ मध्ये मुले पळवणाऱ्या टोळ्यांची अफवा देशभर पसरली, तेव्हा मोटारसायकलवरून येऊन मूल उचलून नेणाऱ्यांची एक चित्रफीत खूप फिरली. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेची जनजागृतीची जाहिरात होती. शेवटी ते मोटारसायकलस्वार मूल परत करतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. तो शेवट कापून चित्रफीत भारतात फिरवली गेली. त्याच अफवांच्या लाटेत १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मंगळवेढ्याकडून पोटासाठी फिरत आलेली ती माणसे होती. ती चित्रफीत व्यंग नव्हती, हे खरे. पण रचलेले दृश्य, कापलेला खुलासा आणि भटक्या माणसाविषयी मनात आधीच घर करून बसलेला संशय ही साखळी तीच आहे. परका, भटका, गरीब म्हणजे चोरच, हा समज मोबाइलच्याही आधीचा. मोबाइलने त्याच्या हातात दगड दिला.

मागाहून खुलासा केला की झाले, हेही खरे नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी ट्विटरवरच्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा प्रवास तपासून मार्च २०१८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात निष्कर्ष मांडले. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त होती आणि दीड हजार लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला सुमारे सहापट वेळ लागत होता. माणसाचा हा स्वभाव इंटरनेटहूनही जुना. फ्रान्समध्ये लिओ टॅक्सिल याने १८८५ पासून बारा वर्षे, फ्रीमेसन पंथाचे लोक सैतानाची पूजा करतात, अशा कपोलकल्पित कथा रचून भाविकांना विकल्या. १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसच्या भरसभेत त्याने स्वतःच सारे थोतांड असल्याची कबुली दिली. त्याच्या बनावट अवतरणांचा आधार घेऊन फ्रीमेसनविरोधी प्रचार आजही चालतो. कर्त्याने तोंडाने दिलेली कबुलीही पूर्वग्रहापुढे चालली नाही.

मग उपाय काय? सरकारच्या हाती सत्य-असत्याचा शिक्का देणे हा नक्कीच नव्हे. उपहासाला सर्वांत आधी सत्ताधारीच घाबरतात. व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना सप्टेंबर २०१२ मध्ये मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. त्याच वर्षी फेसबुकवरच्या साध्या मतप्रदर्शनासाठी पालघरच्या दोन तरुणींना पोलिसांनी पकडले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६ अ कलमाचा असा सर्रास वापर होई, ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले. सरकारविषयीचा मजकूर खोटा आहे की नाही हे सरकारनेच ठरवावे, अशी तरतूद २०२३ मध्ये आली. विनोदकार कुणाल कामरा आणि इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तीही रद्दबातल ठरवली. हा निकाल योग्यच होता. खोट्याच्या भीतीने खरी थट्टा मारली गेली, तर लोकशाहीचे नुकसान दुप्पट होईल.

जबाबदारी आहे ती लिहिणाऱ्याची, पसरवणाऱ्या कंपन्यांची, आम्हा पत्रकारांची आणि वाचकाची. वाचणाऱ्याला कळणारच नाही असा हिशेब करून जो लिहितो, त्याने विडंबनकाराची झूल पांघरू नये. ‘हे विडंबन आहे’ ही खूण मजकुराला अशी चिकटलेली हवी, की स्क्रीनशॉट काढला तरी ती सुटू नये. ही अपेक्षा भाबडी नाही. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांना २०१९ मध्ये असे आढळले, की तथ्यपडताळणी करणाऱ्यांच्या इशाऱ्यापेक्षा मजकुराच्या कर्त्यानेच लावलेली विनोदाची खूण लोक अधिक मानतात. कंपन्यांनी अशी खूण सक्तीची करावी आणि ती टाळणाऱ्यांचे जाहिरातींचे उत्पन्न बंद करावे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील त्रयस्थ तथ्यपडताळणी गुंडाळण्याची घोषणा करून ‘मेटा’ने मात्र उलट दिशा धरली आहे. वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनीही ‘व्हायरल’ मजकुरापुढे प्रश्नचिन्ह लावून तो छापण्याची पळवाट सोडली पाहिजे. प्रश्नचिन्ह लावल्याने खोटे खरे होत नाही आणि छापणाऱ्याची जबाबदारीही टळत नाही.

तरीही अखेरचे दार वाचकाच्याच हाती आहे. जी बातमी वाचून राग येतो ती माणूस एकवेळ तपासतो. जी वाचून ‘मी म्हणत नव्हतो?’ असे समाधान वाटते ती तपासायचे त्याला सुचत नाही. एखाद्या जातीविषयी, धर्माविषयी, पक्षाविषयी किंवा परक्या माणसाविषयी अशी मनाजोगी गोष्ट समोर आली, की बोट तिथेच थांबवा. कोणी लिहिले, कधी लिहिले, मूळ चित्रफीत कुठे आहे, हे पाहा. उत्तर सापडले नाही, तर ती पुढे पाठवू नका. आपल्याला पटते तेच आधी तपासावे, ही सवय घराघरांत लागली, तर असल्या खोट्याचा बाजार आपोआप बसेल.