समुद्रापलीकडची दावत

निकाहाची पत्रिका घरी आली की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, गाडी किती वाजता आणि कुणाच्या दारातून निघणार? मेहमानांसाठी गाडी घरच्यांनीच करायची, हा आपल्या बीड, गेवराई, माजलगावकडचा जुना शिरस्ता. टेम्पो असो की लक्झरी, लग्नाला जायला कुणी स्वतःच्या खिशातून तिकीट काढत नाही. त्यामुळे आमच्या पुतणीचा निकाह अंदमानात ठरला, तेव्हा कौतुकापेक्षा आम्हाला धडकीच भरली.

मुलगा हैदराबादचा, दोघेही पुण्यात नोकरीला. मुलाकडून निरोप आला, "राहणे-खाणे आमच्याकडे, येणे-जाणे ज्याचे त्याने करावे." बीडकडच्या चाळीसेक मेहमानांना नेण्या-आणण्याचे काम आमच्या गळ्यात पडले. घरात सर्वांत मोठ्या फुफ्फी. त्यांनी नाव ऐकले आणि तस्बीह थांबवून म्हणाल्या, "कालेपानी को शादी? अल्ला, पोट्टी क्या गुनाह करी?"

फुफ्फींचे काही चुकले नव्हते. आपल्या घरांतून पोर्ट ब्लेअर माहीत आहे ते शिक्षेचे ठिकाण म्हणून. १८५७ च्या बंडानंतर ज्यांना तिकडे पाठवले, त्यांत मौलाना फजले हक खैराबादी होते. १८६१ साली त्यांचा तिथेच इंतकाल झाला, त्यांची मजार तिथे आहे. हे सांगितल्यावर फुफ्फींचा विचार बदलला. "जियारत होती तो चलती," म्हणाल्या. २०२४ च्या सप्टेंबरपासून पोर्ट ब्लेअरचे सरकारी नाव श्री विजयपुरम झाले आहे. कागदावर दोन्हींपैकी कोणतेही नाव दिसले तरी गाव एकच, मेहमानांना हे आधी सांगून ठेवावे.

पैशाची गोष्ट पहिल्याच दिवशी बोलावी लागते आणि ती पत्रिकेत छापायची नसते. आम्ही घरोघर गेलो. जे स्वतःचे तिकीट काढू शकत होते, त्यांना तसे स्पष्ट सांगितले आणि आहेर आणायचा नाही, तिकीट हाच आहेर, असेही सांगितले. ज्यांचे तिकीट आम्ही काढायचे ठरवले, त्यांची नावे आम्ही दोघे सोडून कुणालाही कळू दिली नाहीत. कुणाचे तिकीट कुणी काढले याची चर्चा विमानात सुरू झाली, तर दावतीची सगळी चव जाते. आणि काहींना आम्ही सरळ म्हणालो, तुम्ही येऊ नका, तब्येत सांभाळा, बीडला परतल्यावर घरी जेवण आहेच. मानाने बोलावले आणि येण्याची सोय केली नाही, तर तो मेहमानाला टाकलेला पेच ठरतो.

पण एक गाठ आमच्याकडून सुटली नाही.

अंदमानात मे ते नोव्हेंबर पावसाचे दिवस. समुद्र शांत आणि हवा चांगली ती डिसेंबरपासून पुढे. त्यात रमजान फेब्रुवारीत येणार होता, म्हणून जानेवारीची तारीख धरली. याच दिवसांत आपला अर्धा जिल्हा घरी नसतो. दसरा-दिवाळीला ऊसतोडीला गेलेली माणसे मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मुलीची मोठी खाला आणि खालू त्यांतलेच, सातारा जिल्ह्यात फडावर. लहानपणी मुलीची अम्मी वर्षभर आजारी होती, तेव्हा याच खालाने तिला सांभाळले होते. आम्ही फोन केला, तिकिटाची काळजी करू नका म्हणालो. खाला थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "टिकट के पैसे तो तुम देंगे, खाडे के कौन देंगे?"

मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. त्यातला एक निघाला तर दुसऱ्याचेही काम बसते, आणि खाडा पडला की पैसे कापले जातात. तारीख ठरवताना आम्ही पंचांग पाहावे तसा पावसाळा पाहिला, रमजान पाहिला, शाळांच्या सुट्ट्या पाहिल्या. हंगाम पाहिला नाही. ज्यांच्या घरी असे लग्न ठरत असेल, त्यांनी तारखेआधी आपल्या नात्यातले कोण फडावर आहे ते मोजावे. निदान बोलणे तरी ती माणसे गाव सोडण्यापूर्वी, दसऱ्याच्या आत, करावे.

कागदांचा घोळ आम्हाला वाटला त्याहून मोठा निघाला. आपल्या बायकांची नावे एका कागदावर 'बी', दुसऱ्यावर 'बेगम'. 'शेख' कुठे पुढे, कुठे मागे. विमानाच्या तिकिटावरचे नाव आधारकार्डाशी जुळले पाहिजे. म्हणून नावे तोंडी घेऊ नका, कार्डाचा फोटो मागवा आणि त्यावरून अक्षर अन् अक्षर उतरवा. चौघींची नावे दुरुस्त करायला आमचे तीन आठवडे गेले. दोन वर्षांखालच्या बाळाचा जन्मदाखला सोबत हवा. दहा किंवा जास्त माणसे असली तर बहुतेक विमान कंपन्यांकडे गटाचे आरक्षण मिळते, त्याची चौकशी करावी. चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागावी. फुफ्फी "मैं क्या लंगडी है?" म्हणून रुसल्या होत्या, पण विमानतळाची लांबी पाहून गुपचूप बसल्या.

बीडला रेल्वे आली ती २०२५ च्या सप्टेंबरात, तीही अहिल्यानगरच्या बाजूची. आम्हाला जायचे होते हैदराबादकडे, म्हणून परळीहून रात्रीची गाडी धरली. निजामाच्या काळापासूनची सोयरीक तिकडे आहेच, एक दिवस नातेवाइकांकडे विसावा घेतला आणि मग विमान. म्हाताऱ्यांना बीडहून सलग दोन दिवस प्रवास घडवू नये. पोर्ट ब्लेअरला चेन्नई आणि कोलकात्याहून जहाजही जाते, पण त्याला अडीच-तीन दिवस किंवा जास्त लागतात. लग्नाच्या मेहमानांना ते झेपायचे नाही.

सामानाची तपासणी एकदा घरीच करावी. फुफ्फींच्या पानदानातला सरौता हातातल्या पिशवीत निघाला, तो वेळेत मोठ्या बॅगेत टाकला म्हणून वाचला. लोणचे, तूप, तेल हातात नको. शीरखुर्म्यासाठी सुके खोबरे नेण्याचा हट्ट नको, ते तेलकट आणि पेट घेणारे म्हणून मोठ्या बॅगेत चालत नाही. साखरेची औषधे मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातच ठेवावीत.

मुलांना निकाह हॅवलॉक बेटावर, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपवर हवा होता. तिथे जायला पोर्ट ब्लेअरहून पुन्हा बोट. आम्ही अडून बसलो. निकाह आणि जेवण पोर्ट ब्लेअरलाच, पुढे तरुणांनी खुशाल बोटीने जावे. समुद्र खवळला की बोट रद्द होते, म्हणून परतीची बोट आणि परतीचे विमान एकाच दिवशी ठेवायचे नाही, एवढी अट घातली. या वादात आम्ही थोडे कडक बोललो, पण वाकलो नाही याचे आज बरे वाटते.

नमाजच्या वेळांनी सगळ्यांना चकवले. घड्याळ आपलेच, पण सूर्य तिकडे आपल्याआधी. जानेवारीत पावणेसहाला उजाडते आणि सव्वापाचच्या सुमारास मगरीब. बीडमध्ये तेव्हा अजून तासाभराचे ऊन असते. कार्यक्रमपत्रिकेत "असरनंतर निकाह, पाच वाजता" असे छापले होते, ते खोडून चार केले. हलाल जेवणाचे आणि दारू आसपास नसण्याचे हॉटेलकडून आधीच लिहून घेतले होते.

आणि खाला? निघण्याच्या आदल्या आठवड्यात मुलगी पुण्याहून एकटीच बस धरून साताऱ्याला गेली, तिथून फडावर. आम्हाला नंतर कळले. रात्री खालाच्या कोपीत राहिली, पहाटे त्या तोडीला निघाल्या तेव्हा त्यांच्या हाताने मेहंदीचा पहिला ठिपका लावून घेतला. निकाहाच्या वेळी आम्ही फोनवर चित्र दाखवले. खालू मोळ्या बांधत होते, खालाने फोन धरला होता, मागे ट्रॉली उभी. कबूल म्हटल्याचे ऐकू आले की नाही कळले नाही, आवाज तुटत होता.

एप्रिलमध्ये दोघे गावी परतले. घरची दावत त्यांच्यासाठी थांबवून ठेवली होती. जेवण झाल्यावर खालाने पुतणीला विचारले, "समंदर का पानी सच्ची में काला है क्या?" मुलीने फोन काढला आणि दोघी ओसरीवर बसून फोटो पाहत राहिल्या.