वाफ केनियाची, शाळा आइसलँडची

बाकूमध्ये २०२४ साली झालेल्या हवामान परिषदेत विकसनशील देशांसाठी २०३५पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचं उद्दिष्ट ठरलं आणि त्यात श्रीमंत देशांनी पुढाकार घ्यावा असं मान्य झालं. ही रक्कम तुटपुंजी आहे, असं भारताने तिथेच ठणकावलं. ते योग्यच होतं. मात्र रकमेच्या घासाघिशीत या पैशातून नेमकं काय उभं राहणार, हा प्रश्न मागे पडला. स्वच्छ ऊर्जेसाठीची मदत बहुधा सौरपटल, पंप, बॅटऱ्या अशा यंत्रांच्या रूपात पोचते. ती यंत्रं चालवणारी, बिघडल्यास उघडून बघणारी आणि पुढच्या वेळी कोणतं यंत्र घ्यायचं हे स्वतः ठरवणारी माणसं त्या देशात तयार करणं, या कामाला करारांमध्ये दुय्यम जागा मिळते. माझ्या मते सहकार्याचा गाभा तोच असायला हवा. याचा सर्वांत भक्कम पुरावा केनियात आहे.

नैवाशा सरोवराजवळच्या ओल्कारियात जमिनीखालच्या वाफेवर चालणारा १५ मेगावॉटचा पहिला संच १९८१ साली सुरू झाला. त्यामागे परदेशी कर्ज होतं आणि परदेशी सल्लागारही. आज केनियाच्या विजेपैकी ४० टक्क्यांहून अधिक वीज भूगर्भातल्या उष्णतेतून येते. या दोन टप्प्यांच्या मधली गोष्ट आइसलँडमध्ये घडली. तिथे संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या छत्राखाली १९७९पासून भूऔष्णिक ऊर्जेचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम चालत आला. आता तो युनेस्कोच्या छत्राखाली आहे. भूभौतिकी, वाफेचं रसायन, विहिरी खोदण्याचं तंत्र, जलाशयाचं गणित यांपैकी एका विषयात प्रशिक्षणार्थी तयार होतो आणि अनेकदा आपल्याच देशातल्या विहिरींची माहिती घेऊन प्रकल्प-अहवाल लिहितो. इथे शिकून गेलेल्यांत केनियाचे लोक सर्वाधिक आहेत. हे ज्ञान बाहेरून भाड्याने आणून भागत नाही, कारण प्रत्येक क्षेत्राचा स्वभाव वेगळा असतो. वाफेचा दाब वर्षागणिक बदलतो, पाण्यातली सिलिका नळ्यांमध्ये साचते, वापरलेलं पाणी पुन्हा कुठे जिरवायचं हे चुकलं तर चांगली विहीर थंड पडते. असे निर्णय वर्षानुवर्षं तिथेच राहणाऱ्या माणसांनी घ्यायचे असतात. पुढे २००५पासून याच अभ्यासक्रमाचे छोटे वर्ग केनियात भरू लागले आणि आफ्रिकेतल्या इतर देशांचे अभियंते तिथे शिकायला आले. केनजेन ही केनियाची वीजकंपनी आता इथिओपिया आणि जिबूतीत विहिरी खोदण्याची कंत्राटं घेते. चार लाखांहून कमी वस्तीच्या देशाने दिलेलं शिक्षण असं तिसऱ्या देशापर्यंत पोचलं.

केनियाला निसर्गाने खचदरी दिली म्हणून हे जमलं, असं कुणी म्हणेल. पण त्याच दरीवर वसलेल्या शेजारी देशांची भूऔष्णिक वीज केनियाच्या जवळपासही नाही, तेव्हा भूगोल एकटा पुरत नाही. खरी अडचण पैशाची, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. एका विहिरीला लाखो डॉलर लागतात आणि ती कोरडी निघाली तर सगळे बुडतात. केनियातही जागतिक बँकेचं आणि जपानचं कर्ज लागलंच. पण खोदायची जागा नेमकी हेरणारी माणसं घरची असली की ही जोखीम घटते आणि कर्ज देणाऱ्याचा धीरही वाढतो. तिसरा आक्षेप आजच्या बाजाराचा: चिनी सौरपटलं इतकी स्वस्त आहेत, तर शिकायचं कशासाठी? पटल स्वस्त झालं, तरी इन्व्हर्टरची दुरुस्ती, बॅटऱ्यांची निगा आणि ढगाळ दिवशी ग्रीड सांभाळण्याचं कसब त्याच्यासोबत खोक्यातून येत नाही.

आपल्याकडच्या पवनऊर्जेचा अनुभवही हेच सांगतो. चेन्नईतलं पवनऊर्जा तंत्रज्ञान केंद्र १९९८ साली डेन्मार्कच्या साहाय्याने उभं राहिलं आणि पवनचक्क्यांची चाचणी व प्रमाणन देशातच होऊ लागलं. मुख्यालय पुण्यात असलेल्या सुझलॉनने सुरुवातीला सुडविंड या जर्मन कंपनीचं तंत्र घेतलं. ती कंपनी बुडाल्यावर तिच्या अभियंत्यांना कामावर घेऊन जर्मनीतच संशोधन सुरू केलं. परवान्यावर यंत्र बनवणाऱ्या कंपनीला आराखड्यापर्यंत पोचायचं तर माणसांपर्यंत पोचावं लागतं, हे तिने ओळखलं होतं.

कौशल्य आलं म्हणजे सगळं साधलं, असं मात्र मी म्हणणार नाही. ओल्कारियाच्या विस्तारात मसाई कुटुंबांना हलवण्यात आलं, त्यांच्या तक्रारी जागतिक बँकेपर्यंत गेल्या आणि मध्यस्थी करावी लागली. जमिनीचा न्याय कुठल्याही अभ्यासक्रमातून मिळत नाही. त्यासाठी स्थानिकांना करारात स्वतंत्र हक्क हवा.

भारत आता देणाऱ्यांच्या रांगेत आहे. फ्रान्ससोबत २०१५ साली पुढे आणलेल्या आंतरराष्ट्रीय सौर आघाडीचं मुख्यालय गुरुग्रामला आहे, आणि १९६४पासून चालणाऱ्या आयटेक योजनेतून आपण परदेशी प्रशिक्षणार्थी बोलावतो. पण त्यातले बहुतेक वर्ग काही आठवड्यांचे असतात. आफ्रिकेत आपण उभारलेल्या प्रत्येक सौरप्रकल्पासोबत तिथल्या वीजकंपनीच्या अभियंत्यांसाठी किमान सहा महिन्यांचा अभ्यासक्रम, त्यांच्याच ग्रीडच्या माहितीवर केलेला प्रकल्प आणि पुढची दहा वर्षं त्याच संस्थेतून नवी तुकडी घेण्याची तरतूद असावी. हा खर्च मूळ करारातच धरला पाहिजे, नंतर कधीतरी द्यायच्या अनुदानावर सोडता कामा नये.