छप्पर एक, चुली दोन

माझा मामेभाऊ लग्नांचं शूटिंग करतो. मरोळमध्ये त्याचा ड्रोन बॅगेतच राहतो, कारण विमानतळ हाकेच्या अंतरावर आणि परवानगीशिवाय उडवला तर गुन्हा. भिवंडीच्या वलीम्यात मात्र तोच ड्रोन त्याचं घर चालवतो. २०२१ च्या ड्रोन नियमांनी बरीच कागदपत्रं कमी केली. वय अठरा, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण, एवढ्यावर पायलटचं प्रमाणपत्र मिळतं. पासपोर्टची अट २०२३ मध्ये गेली. मुलांनी हा धंदा जरूर शिकावा.

माझं भांडण आहे ते 'वरून काढलेला फोटो म्हणजे शंभर टक्के खरं' म्हणणाऱ्यांशी.

पुरंदर तालुक्यातलं सोनोरी घ्या. गावठाणाची ड्रोनने मोजणी करण्याचा प्रयोग तिथे झाला, आणि २४ एप्रिल २०२० ला देशभरासाठी स्वामित्व योजना आली. या मोजणीत ड्रोन उडण्याआधी लोक आपापल्या घराची हद्द चुन्याने आखतात. शेजारी समोर उभा असतो. वाद असेल तर तो तिथेच निघतो. मग फोटो, मग नकाशा, हरकती, आणि शेवटी मिळकत पत्रिका. म्हणजे हद्द माणसांनी ठरवली, ड्रोनने फक्त टिपली. पण ही योजना ग्रामीण गावठाणांची. मरोळचं गावठाण शहरात अडकलं, म्हणून ते बाहेर. झोपडपट्टीचं तर नावच नको.

आमच्या फुफीचं घर माळ्यावर आहे. बाहेरून लोखंडी शिडी. खाली एक कुटुंब, वर फुफीचं. आकाशातून बघा, एकच पत्रा दिसेल. धारावीत २०२४ पासून ड्रोन आणि लायडार लावून सर्वेक्षण झालं, तरी फुकट घर कुणाला हे ठरतं १ जानेवारी २००० च्या आधीच्या पुराव्यावर आणि तुम्ही तळमजल्यावर राहता की माळ्यावर, यावर. माळ्यावरच्यांना धारावीबाहेर, हप्त्याने. कॅमेरा कितीही महाग असो, भाडेकरूची लाईट बिलं त्याला दिसत नाहीत. (आणि बिल घरमालकाच्या नावावर असेल, तर जमिनीवरच्या साहेबालाही दिसत नाहीत.)

म्हणून उद्या आपल्या वस्तीवर ड्रोन आला तर दगड मारू नका आणि टाळ्याही वाजवू नका. आधी विचारा: कोणाच्या आदेशाने? नकाशा मराठीत वस्तीत लागणार का? हरकतीला किती दिवस? माळे वेगळे मोजणार का? तोंडी उत्तर घेऊ नका, लेखी मागा. नाही मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

आणि आपला नकाशा आपणच का काढू नये? क्यूजीआयएस फुकट आहे. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रं दिसतात, त्यात आपली गल्ली शोधा. मामेभावाला मी सांगितलंय, सीझन संपला की रविवारी ये. ड्रोन नको, लॅपटॉप आण. पहिल्या दिवशी आमच्या चाळीतल्या शिड्या मोजायच्या आहेत.