शिष्यवृत्त्या आहेत, वाट कोण दाखविणार?

बारावीचे निकाल लागले म्हणजे गुणवंतांचे सत्कार होतात, हार-नारळ दिले जातात, भाषणे होतात. परंतु त्या विद्यार्थ्याने पुढे कोणत्या महाविद्यालयात जावे आणि कोठे त्याच्या गुणांकडे पाहून फीत सूट मिळेल, हे सांगणारा त्या सभेत क्वचितच कोणी असतो. आमच्या मते खरी उणीव द्रव्याइतकीच माहितीचीही आहे.

इतिहास पाहा. बडोद्यास सयाजीराव महाराजांसारखे विद्येचे आश्रयदाते होते आणि मुंबईत भीमराव आंबेडकर हा बुद्धिमान तरुण होता. तथापि या दोहोंची गाठ पडण्यास केळुसकर गुरुजींची मध्यस्थी लागली. दरमहा २५ रुपयांच्या साह्याने एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षण पुरे झाले. १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. गुरुजी नसते तर महाराजांचे औदार्य त्या तरुणापर्यंत पोचले असते काय? आज ज्यांस केळुसकर भेटत नाहीत, त्यांची गणती कोणी करावी?

याउलट जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचा नियम सर्वतोमुखी होता: मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात पहिला येईल त्याचा मान. १९१२ साली चिंतामणराव देशमुखांनी तो मिळविला. नियम उघड असला म्हणजे वशिल्याचे काम उरत नाही.

आज सवलती पुष्कळ आहेत; त्या शोधाव्या लागतात हेच दुर्दैव. २०१६ साली आय.आय.टी.ची वार्षिक फी २ लाख झाली, तेव्हाच १ लाखाहून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांस ती पूर्ण माफ आणि ५ लाखांपर्यंतच्यांस दोन-तृतीयांश माफ ठरली. पण फीचा आकडा ऐकूनच पालक कच खातो. माफीचे कलम वाचतो कोण?

खाजगी संस्थांच्या बाबतीत तर कलमे वाचणे अगत्याचेच आहे. समजा, फी वर्षास २ लाख असून गुणांमुळे निम्मी सूट मिळाली. चार वर्षांचा हिशेब ४ लाख झाला. मात्र दरवर्षी ठराविक गुण राखण्याची अट असेल आणि पहिल्या वर्षानंतर सूट गेली, तर तोच हिशेब ७ लाखांवर जातो. आमचा व्यापारीवर्ग करारातील असे कलम नजरेआड करील काय? मग मुलाच्या भवितव्याच्या सौद्यात ते का करावे?

तेव्हा प्रत्येक महाविद्यालयाने शिष्यवृत्त्या किती, रक्कम किती, मुदत कोणती व पुढील वर्षी ती चालू राहण्याची अट काय, हे प्रवेशापूर्वीच माहितीपत्रकात छापावे. पालकांनी हे उत्तर लेखी मागावे. आणि नगरवाचनालये व व्यापारी मंडळे यांनी निकालाच्या महिन्यात एक टेबल मांडून जाणता मनुष्य तेथे बसवावा. हारांच्या खर्चात हे सहज होईल. सयाजीराव होणे प्रत्येकाच्या हाती नाही. केळुसकर होणे मात्र आहे.