तुलनेच्या गटातील स्त्रिया

उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्याचे नाव जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात कायमचे नोंदले गेले आहे. ही गोष्ट त्या जिल्ह्यात फारच थोड्यांना ठाऊक असेल. १९९९ च्या अखेरीपासून तेथील खेड्यांतून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांना एका संशोधनात सामील करून घेण्यात आले. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ते हाती घेतले होते, आणि पैसा अमेरिकेतील गेट्स प्रतिष्ठानाचा होता. गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळीच हुडकण्यास कोणती तपासणी उपयोगी पडते, हा त्यातील प्रश्न होता.

गावांचे चार गट पाडण्यात आले. एका गटातील स्त्रियांची एचपीव्ही या विषाणूसाठी चाचणी झाली, दुसऱ्यात पेशींची म्हणजे पॅप तपासणी झाली, तिसऱ्यात गर्भाशयमुखास सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्यात आले. चौथ्या गटात कोणतीच तपासणी नव्हती. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळे या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्या गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या रोगाने दगावल्या. चौथ्या गटातील ३१,४८८ पैकी ६४. निष्कर्ष मोलाचा आहे, त्याविषयी वाद नाही. माझा प्रश्न त्या ६४ जणींविषयी आहे.

संशोधकांची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की, ग्रामीण भारतात तपासणीची कोणतीही सरकारी व्यवस्था नव्हतीच. तेव्हा चौथ्या गटास जे मिळाले ते ‘प्रचलित सेवे’हून कमी नव्हते. शिवाय पाश्चात्त्य देशांत यशस्वी ठरलेली पॅप तपासणी आपल्याकडे चालेल की नाही, याची शंका खरी होती. आणि ती शंका निराधार नव्हती, कारण उस्मानाबादेत पॅप तपासणीच्या गटातही मृत्यूंत लक्षणीय घट आढळली नाही. टीकाकार हे बहुधा सांगत नाहीत. ते सांगितले पाहिजे.

परंतु अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला ‘प्रचलित सेवा’ हा शब्दप्रयोग विलक्षण वाटतो. प्रचलित सेवा म्हणजे शून्य. हे शून्य काही निसर्गाने निर्माण केलेले नाही. अर्थसंकल्पात कोठे किती तरतूद करावयाची याचे निर्णय दर वर्षी होतात, आणि त्या निर्णयांची बेरीज म्हणजे हे शून्य. तीन तपासण्यांपैकी कोणती सरस, हा वैद्यकाचा प्रश्न झाला. तो तीन गटांत सोडविता आला असता. चौथा गट ज्या प्रश्नाचे उत्तर देतो तो असा: काही करणे हे काहीच न करण्याहून किती फायद्याचे? हा प्रश्न डॉक्टरांचा नव्हे, तिजोरीचा आहे. तिजोरीला खात्री पटावी म्हणून पुराव्याची किंमत मराठवाड्यातील शेतमजूर बायांनी चुकविली. गरिबीच ज्या देशात उपचाराचे प्रमाण ठरते, तेथे असे प्रयोग स्वस्तात होतात. सधन देशांत असा चौथा गट ठेवणे शक्य नव्हते, कारण तेथील स्त्रियांचा तपासणीवरील हक्क आधीच प्रस्थापित झालेला होता.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही १९९८ पासून अशीच चाचणी चालली. तेथे अ‍ॅसिटिक आम्लाच्या तपासणीने, ती दोन-दोन वर्षांनी पुन्हा केल्यावर, मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण ७६ हजारांहून अधिक स्त्रिया तपासणीविना ठेवलेल्या होत्या. पॅप तपासणी नावाचा पर्याय अस्तित्वात आहे हे संमती घेताना त्या स्त्रियांना पुरेसे सांगितले गेले नाही, असा ठपका २०१२ मध्ये अमेरिकन सरकारच्याच देखरेख कार्यालयाने ठेवला. आपल्या सरकारने काय केले? काही ऐकिवात नाही.

बरे, पुरावा तर मिळाला. मग तिजोरी उघडली का? २०१६ मध्ये केंद्राने मार्गदर्शक आराखडा काढला आणि ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची पाच वर्षांनी एकदा अ‍ॅसिटिक आम्लाने तपासणी करण्याचे ठरविले. प्रयोगशाळा लागत नाही, परिचारिका ती करू शकते, म्हणून ही निवड समजण्यासारखी आहे. पण उस्मानाबादेत जी चाचणी निर्विवाद सरस ठरली ती एचपीव्हीची, आणि खर्चाच्या नावाखाली तीच मागे राहिली. जी स्वस्त ती तरी पोहोचली का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या १.९ टक्के. म्हणजे संशोधन संपून दशक उलटल्यावरही उरलेला सारा देश चौथ्याच गटात होता. २०२२ च्या अंदाजानुसार त्या वर्षी भारतात या रोगाने सुमारे ८० हजार स्त्रिया मेल्या.

संशोधन गरिबांत करूच नये असे मी म्हणत नाही. गडचिरोलीत राणी व अभय बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या अभ्यासाने जगाचे डोळे उघडले. कुटुंबनियोजनाखेरीज स्त्रीच्या गर्भाशयाशी ज्या शासनाला कर्तव्य नव्हते, त्याला तो आरसा होता. (त्याच दशकात नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचणीविरुद्ध स्त्री-संघटनांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले होते, हे योगायोगाने घडलेले नाही.) बंग दांपत्य अभ्यास संपल्यावर निघून गेले नाही, तेथेच राहिले, रुग्णालय उभारले. तपासलेल्या माणसांशी नाते ठेवणारे संशोधन आणि आकडे घेऊन परतणारे संशोधन, यांत मी फरक करतो.

तपासणी नसली की तिची जागा रिकामी राहत नाही. तेथे बाजार शिरतो. बीड जिल्ह्यात २०१९ साली ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची शासकीय पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. अंगावरून जाते, पोटात दुखते म्हणून गेलेल्या बाईला कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रिया सुचविली गेली, असे अनेकींनी सांगितले आहे. साधी तपासणी उपकेंद्रात झाली असती तर त्या भीतीचा निकाल तेथेच लागला असता. त्याऐवजी मुकादमाकडून उचल घेऊन खासगी डॉक्टरचे बिल भागविले गेले आणि ती उचल पुढच्या हंगामात फेडावी लागली. शेजारच्याच जिल्ह्यात याच अवयवाच्या रोगावर जगन्मान्य संशोधन होऊन गेले होते!

आता लशीचा बोलबाला आहे. पुण्याच्या सीरम संस्थेची लस २०२३ च्या आरंभी बाजारात आली, आणि २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वर्षांच्या मुलींच्या लसीकरणास उत्तेजन देण्याची घोषणा झाली. लस हवीच, आणि ती फुकट हवी. पण आज चाळिशीत असलेल्या बाईला तिचा उपयोग नाही. तिला तपासणी हवी, आणि तपासणीत काही निघाले तर उपचारही.

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी जिल्हा परिषदेत आणि ग्रामसभेत काही रोखठोक आकडे मागितले पाहिजेत. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्या वर्षी किती स्त्रियांची तपासणी झाली? किती जणींत दोष आढळला, आणि त्यांपैकी किती जणी जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचल्या? एचपीव्ही चाचणी कधी सुरू होणार? बुडालेली मजुरी आणि एस्टीचे भाडे कोण देणार? धाराशिवच्या कार्यकर्त्यांनी आणखी एक विचारावे. चौथ्या गटातील ज्या स्त्रिया आज हयात आहेत त्यांची नावे कोठेतरी नोंदलेली असणारच. त्यांच्यापैकी कितींची तपासणी आजवर झाली?