फणसाचं वय

वय चोरण्याचे आपल्याकडे सर्वमान्य प्रसंग दोन : लग्न जुळवताना आणि निवृत्ती जवळ आल्यावर. आता तिसऱ्याची भर पडली आहे. इमारतीचं रीडेव्हलपमेंट. फरक इतकाच, की इथे वय झाडाचं असतं आणि चोरतात ती माणसं.

पार्ल्याच्या आमच्या सोसायटीत एक फणस आहे. रीडेव्हलपमेंटसाठी झाडांची यादी झाली, तिच्यात तो सातव्या क्रमांकावर आहे. वय अडतीस, शेरा 'तोडणे'. आता आमची इमारत १९६६ सालची. भूमिपूजनाचा फोटो सोसायटीच्या कचेरीत टांगलेला आहे आणि त्यात नारळ फोडणारे गृहस्थ ज्याच्या सावलीत उभे आहेत, तो हाच फणस. यादी करणाऱ्या तज्ज्ञांना आम्ही फोटो दाखवला. ते म्हणाले, "तो दुसरा फणस असेल." म्हणजे पहिला फणस आम्हाला पत्ता न लागू देता उठून गेला आणि त्याच्या जागी त्याचा पुतण्या येऊन बसला!

अडतीसच का, हे कायदा वाचल्यावर कळतं. शहरातल्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ पासून कायदा आहे. २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली. पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड 'हेरिटेज' ठरलं, आणि जे झाड तोडाल त्याचं जेवढं वय तेवढी रोपं लावायची, तीही सहा-आठ फुटी, असा नियम आला. हेतू उत्तम. पण झाडाचं वय साधारणतः बुंध्याचा घेर मोजून अंदाजाने काढतात, आणि अंदाज म्हटला की त्याला दिशा असते. सत्तरीचा फणस अडतिशीत आणला की हेरिटेजची कटकट मिटते आणि बत्तीस रोपंही वाचतात. सरकारने म्हाताऱ्या झाडांचा मान वाढवला आणि झाडं भराभर तरुण व्हायला लागली.

बरं, वय खरं लावलं असतं तरी हा हिशेब मला पटत नाही. कुणी घरी येऊन म्हणालं, "तुमच्या सत्तर वर्षांच्या आजोबांना नेतो, त्यांच्या बदल्यात सत्तर तान्ही बाळं देतो, फक्त ती वीस किलोमीटरवरच्या टेकडीवर ठेवू," तर आपण त्याला चहा विचारू का? रोपांना माझा विरोध नाही. पण आमच्या आवारात नव्या आराखड्याप्रमाणे सहा रोपं मावतात, तीही पोडियमवरच्या कुंडीवजा मातीत. बाकीची कुठे लागणार, हे कुणी सांगत नाही. कायद्यात सात वर्षं त्यांची निगा राखायची आहे. सात वर्षांनी बिल्डर तिसऱ्या उपनगरात असेल आणि रोपं कुठे असतील ते बकऱ्यांना ठाऊक.

आमचे सेक्रेटरी भले गृहस्थ आहेत. सभेत त्यांनी हमखास टाळी घेणारा प्रश्न टाकला, "अहो, झाड महत्त्वाचं की माणूस?" आता नवं घर मलाही हवंच आहे. पावसाळ्यात आमच्याकडे जेवताना ताटाशेजारी बादली मांडतात. पण मी नकाशा उलगडून पाहिला. फणसाच्या जागी माणूस नाहीच. तिथे तळघरात जाणाऱ्या मोटारींचा उतार आहे. आर्किटेक्टना विचारलं, हा उतार मागच्या बाजूला नेता येणार नाही का? ते प्रांजळपणे म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर नेला असता. आता प्लॅन फायनल झाला."

सगळं दुखणं हे आहे. आधी सदरा शिवायचा, मग माप घ्यायचं आणि अंग बसत नाही म्हणून हात छाटायचा. पहिली रेघ ओढण्यापूर्वी प्रत्येक झाडाचा बुंधा आणि फांद्यांचा घेर कागदावर आला पाहिजे. त्याशिवाय नकाशा दाखल करूनच घेऊ नये.

'झाड वाचवू' म्हणणाऱ्यांचीही मला धास्ती वाटते. ते बुंध्याभोवती तीन फुटांचा सिमेंटचा गोल करतात आणि उरलेल्या जागेत सळया, खडी, वाळू रचतात. झाडाची अन्न-पाणी ओढणारी मुळं बहुतेक वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. ती दाबली, तोडली की झाड लगेच मरत नाही. दोन-तीन वर्षांनी सावकाश वाळतं. मग 'कीड लागली' असा पंचनामा होतो. तोवर बिलं निघालेली असतात.

हरकत घ्यायला कायद्याने वाव ठेवला आहे. तोडायच्या झाडावर नोटीस लावतात. झाडाला ती वाचता येत नाही आणि आपण वाचत नाही. शिवाय करवत फार चपळ. आरे कॉलनीत मेट्रोच्या कारशेडपायी काय झालं ते आठवा. ४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार, उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या. सोमवारी ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. मधल्या शनिवार-रविवारात दोन हजारांहून जास्त झाडं आडवी झाली होती.

म्हणून आमच्या लेखी हरकतीचा निकाल लागेपर्यंत आम्ही तिघं-चौघं शनिवार-रविवारी आळीपाळीने फाटकापाशी खुर्ची टाकून बसतो. वॉचमनची समजूत झाली आहे, की आम्हाला घरी कुणी विचारत नाही.