शेळीचा तंतू आधी सूक्ष्मदर्शकाखाली

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने शेळीच्या केसांविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. लोकरीला लागणाऱ्या कसरीमुळे माझा या विषयाशी संबंध आला. लोकरीतील केराटिन हे प्रथिन बहुतेक प्राण्यांना पचत नाही. कसरीच्या पतंगाच्या अळीला व काही भुंगेऱ्यांना मात्र ते पचते. शेळीची लव असो वा मेंढीची लोकर, दोन्ही केराटिनच. म्हणूनच तंतू जाळून वास घेण्याची रूढ परीक्षा कृत्रिम धागा ओळखते. शेळी की मेंढी, हे सांगत नाही.

भेद आहे तो रचनेत. शेळीच्या राठ केसाच्या मध्यभागी हवा भरलेल्या पेशींचा गाभा असतो. असा केस टोचतो आणि रंगविल्यावरही फिकट दिसतो. लडाखमधील चांगथांगी शेळीची लव मात्र गाभारहित, सुमारे १२ ते १६ मायक्रॉन जाडीची असते. तिच्यावरील खवले लांब, विरळ व तंतूला चिकटून बसलेले असतात. मेंढीच्या लोकरीचे खवले त्याहून जाड आणि दाट.

महाराष्ट्राने हा विषय राहुरी येथे प्रत्यक्ष हाताळला आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठात संगमनेरी शेळीचा अँगोराशी संकर करून मोहेर मिळविण्याचे प्रयोग झाले. अँगोराचा अंश वाढला की गाभा असलेले केस कमी होत. पण अंश वाढविणे म्हणजे मूळ जातीपासून दूर जाणे. आज संगमनेरी आपल्याकडे दूध व मांसासाठीच पाळली जाते, आणि माझ्या मते तेच उचित आहे.

तेव्हा उस्मानाबादी वा संगमनेरीपासून लोकरीचे उत्पन्न मिळेल असे कोणी सांगू लागल्यास विस्तार कार्यकर्त्यांनी प्रथम केसांची बट मागावी. ती त्वचेलगत कापलेली, खांदा, कूस व मांडी अशा तिन्ही ठिकाणची असावी. फुलकिडे तपासण्याचा प्रयोगशाळेतील साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक पुरेसा आहे. ग्लिसरिनच्या थेंबात तंतू ठेवला की गाभा काळ्या रेघेसारखा दिसतो. खवल्यांची जाडी मोजण्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. तो निवाडा आपण देऊ नये.

उरलेला नमुना घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावा. उघडा ठेवल्यास त्याची तपासणी कसर आपल्याआधी उरकते.